वाशिष्ठीच्या काठानं, परशुरामच्या डोंगरात: चिपळूण परिसरात धावायचं तर

मुंबई-पुण्याहून आलेला धावणारा पाहुणा पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "इथे सरळ, सपाट दहा किलोमीटर कुठे मिळतील?" सपाट जागा आमच्याकडे आहे, पण तिथे भात लावलेलं असतं आणि खाचराचा बांध दीड वीत रुंद असतो. बाकी सगळं एकतर नदीकडे उतरतं नाहीतर डोंगराकडे चढतं.

म्हणून चिपळूणच्या आसपास धावायचं तर अंतर सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी महिना बघायचा, मग तिथी, मग चढ. उरलंच काही तर किलोमीटर. शहरातल्या रस्त्यावर तुम्ही तासात दहा किलोमीटर काढत असाल तर इथल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवर, त्याच तासात सहा झाले तरी पुष्कळ. घड्याळातला वेग बंद करून ठेवा आणि मिनिटांवर धावा: पंचेचाळीस मिनिटं जायचं, तेवढ्याच वेळात परत यायचं.

आधी महिना

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा नव्या माणसासाठी उत्तम काळ. पहाटे धुकं नदीवर बसलेलं असतं, हवा बऱ्यापैकी कोरडी असते, वाटा वाळलेल्या असतात. एकच अडचण म्हणजे जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्याशिवाय वर येत नाही, आणि खोऱ्यात ऊन उतरायला आणखी वेळ लागतो. अंधारात निघणार असाल तर डोक्याला बांधायची बॅटरी हवीच. मोबाइलचा उजेड हातात धरून पाखाडी उतरणं म्हणजे दात पाडून घेण्याची तयारी.

मार्च ते मे आंबा-काजूचा मोसम. पांगारा आणि सावर फुललेली असते, एप्रिलपासून करवंदं असतात, पण उकाडा माणूस पिळून काढतो. साडेआठच्या आत घरी आलं पाहिजे. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. त्यामुळे तापमापकावर 30 अंश दिसले तरी शरीराला ते देशावरच्या 36 सारखे लागतात. कोरड्या गावातून आला असाल तर पहिले दहा-बारा दिवस नेहमीच्या निम्मंच धावा. शरीराला हवा अंगवळणी पडायला साधारण तेवढे दिवस लागतात. वेग किती ठेवायचा? धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की चालायचं.

जून ते सप्टेंबर हा माझा आवडता काळ, पण तो पाहुण्यांना सुचवताना मी कचरतो. खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी शहरात शिरली तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. पावसाळ्यात धावाच, पण नदीपासून लांब, डांबरी रस्त्यावर, आणि हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी घरात भजी तळा.

मग तिथी

वाशिष्ठी चिपळूणपर्यंत नदी असते आणि गोवळकोटपासून पुढे दाभोळपर्यंत खाडी. म्हणजे खालच्या भागातल्या काठच्या वाटांना भरती-ओहोटी लागू होते. ॲपवर वेळा मिळतात, पण रेंज नसली तर जुना हिशेब कामाला येतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. रोज ती पाऊण-एक तास पुढे सरकते. हा हिशेब समुद्राच्या तोंडाशी लागू पडतो, खाडीत आत पाणी उशिरा पोहोचतं. किती उशिरा, ते धक्क्यावरच्या होडीवाल्या काकांना विचारायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा फरक कमी.

हे मी पंचांगातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीच्या, बांधावरून धावत गेलो. बांधाला एका ठिकाणी खांड गेली होती, घोट्याएवढं पाणी होतं, उडी मारून पलीकडे गेलो. चाळीस मिनिटांनी परत आलो तर त्याच खांडीतून मांडीभर पाणी आत घुसत होतं, आणि गढूळ असल्यानं खाली काय आहे ते दिसत नव्हतं. वाशिष्ठीत मगरी आहेत हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. मग बसलो बांधावर डास मारत. दीडएक तासानं एक काका होडी घेऊन आले. मला पलीकडे सोडलं आणि वर म्हणाले, "एवढे शिकलेले, पंचांग बघत नाय काय तुम्ही?" घरी येऊन पाहिलं तर भिंतीवर दिनदर्शिका लटकत होती.

तेव्हापासून नियम एकच. खाजणाच्या बांधावर जायचं तर ओहोटी लागल्यावर निघायचं, आणि जाताना घोट्याला लागलेलं पाणी येताना कमरेला लागेल असं धरून चालायचं.

वाट पहिली: गोवळकोट

पहिल्या दिवसासाठी हीच. चिपळूण स्टेशन वालोप्याला, गावाबाहेर आहे. रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरलात तर रिक्षा करून गावात या, सामान टाका आणि गोवळकोट रोड धरा. सकाळी साडेसहाला या रस्त्यावर दूधवाले, मासळी घेऊन येणाऱ्या बायका आणि शाळेच्या पहिल्या गाड्या, एवढीच वर्दळ. रस्ता जवळजवळ सपाट. डाव्या-उजव्या बाजूला घरं विरळ होत जातात आणि नाकाला खाडीचा वास लागला की धक्का जवळ आला समजायचं.

धक्क्यावर थांबा. ओहोटी असेल तर पलीकडच्या चिखलावर लांबट, मातकट ओंडके पडलेले दिसतील. त्यातल्या एखाद्या ओंडक्याला डोळे असतात. या गोड्या पाण्यातल्या मगरी, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही रमलेल्या. त्या ऊन खायला काठावर येतात. 2024 च्या पावसाळ्यात एक तर चिपळूणच्या रस्त्यावरच फिरून गेली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. धावणाऱ्यासाठी अर्थ सरळ आहे: चिखलातले बूट धुवायला नदीच्या काठावर वाकायचं नाही. बूट घरी नळाखाली धुवायचे.

धक्क्याकडून करंजेश्वरीच्या देवळाकडे वळायचं. हे गोवळकोटचं ग्रामदैवत. शिमग्यात पालखीच्या दिवसांत हा रस्ता माणसांनी फुलून जातो, तेव्हा धावण्याचा नाद सोडून ढोल ऐकावा. देवळाजवळून गोविंदगडाची चढण सुरू होते. गड छोटा आहे, पण नदीनं तीन बाजूंनी वेढलेला. चढ धावत काढायचा हट्ट नको. पायऱ्यांवर हात गुडघ्यावर ठेवून, पाऊल पूर्ण टेकवून भरभर चाललात तर धावणाऱ्याच्या बरोबरीनंच वर पोहोचता आणि पोटऱ्या शाबूत राहतात. वरून नदीचं मोठं वळण, मधली बेटं, पलीकडे परशुरामचा डोंगर. त्या डोंगराकडे नीट बघून ठेवा, तिसऱ्या वाटेला तिकडेच जायचं आहे.

उतरताना घाई करायची नाही. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला, शरीर मागे न रेलता. मागे रेललं की टाच घसरते, आणि बहुतेक जण तिथेच बसतात, तेही जोरात. गड चढून-उतरून गावात परत येईपर्यंत तास-सव्वा तास जातो. दम उरला असेल तर गड दुसऱ्यांदा चढा. ही चढाईची सगळ्यात सुरक्षित शाळा आहे, कारण खाली देऊळ, माणसं आणि रिक्षा तिन्ही आहेत.

वाट दुसरी: अलोरे-कोळकेवाडी

नदीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. इथवर धावत यायचं नाही. कराडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ट्रकांची रांग असते आणि पुढचा कुंभार्ली घाट तर धावणाऱ्यांचा नव्हेच. एसटीनं किंवा रिक्षानं अलोऱ्याला उतरा. कोयना प्रकल्पासाठी वसलेली ही वसाहत. रस्ते रुंद, झाडं मोठी, वाहनं कमी. समोर कड्यांची भिंत, सकाळी निळी आणि नऊनंतर पांढुरकी.

इथल्या पाण्याची गोष्ट धावणाऱ्यानं समजून घेतली पाहिजे. कोयना ही खरं तर कृष्णेला मिळणारी, पूर्वेकडे जाणारी नदी. तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून, डोंगराच्या पोटातून खाली सोडून वीज करतात. ते पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि पुन्हा वीज करून वाशिष्ठीत जातं. म्हणूनच कोकणातल्या बाकीच्या नद्या एप्रिलमध्ये डबक्यांपुरत्या उरतात तेव्हा वाशिष्ठी वाहत असते. पण ती किती वाहील ते पावसावर नाही, विजेच्या मागणीवर ठरतं. पात्रातले दगड कोरडे दिसले म्हणून त्यावरून उड्या मारत पलीकडे जाण्याचा मोह होतो. अर्ध्या तासानं पाणी सोडलं तर त्याच दगडांवरून परत येता येणार नाही. पात्रात उतरायचं नाही, साकव किंवा पूल असेल तिथूनच जायचं.

अलोऱ्याहून कोळकेवाडीच्या दिशेनं गावातला रस्ता धरा. वर-खाली, वर-खाली, एकही चढ जीवघेणा नाही पण एकही भाग आराम देणारा नाही. धरण आणि वीजघराचा परिसर बंदोबस्तातला आहे. फाटक दिसलं की वळायचं, फोटोसाठी मोबाइल काढायचा नाही. या वाटेवर शेवटच्या अर्ध्या तासात माझी नेहमी फसगत होते. जाताना चढ आहे असं वाटतं, म्हणून येताना उतार मिळेल म्हणून मी खुशीत असतो, आणि येतानाही तेवढाच चढ निघतो. अजून उलगडा झालेला नाही.

वाट तिसरी: परशुराम

ही दोन आठवडे पाय तयार झाल्यावर. परशुराम घाटाचा महामार्ग चौपदरी करताना डोंगर कापला. दरडींमुळे 2022 च्या पावसाळ्यात घाट कित्येक दिवस बंद ठेवावा लागला होता. त्या रस्त्यावर धावणं कुठल्याही महिन्यात मूर्खपणा आहे. गाडीनं वर परशुराम गावात या आणि तिथून सुरू करा.

देवळाच्या आवारात पाणी भरून घ्या, मागे रेणुकेचं देऊळ आहे, बाणगंगेचं तीर्थ आहे. चपला-बूट कुठे काढायचे ते बघून काढा. धावायला आलो म्हणून सूट नसते. देवळाभोवतीची झाडी आणि वाड्यांमधल्या वाटा हेच इथलं मैदान. पेढे गावाच्या बाजूला उतरणारी जुनी दगडी पाखाडीची वाट धावणाऱ्याला साद घालतेच, पण महामार्गाच्या कामानंतर कुठला तुकडा कसा आहे हे वरच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरू नका.

पाखाडीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पाहुणे इथेच पडतात. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, शेजारच्या भागात काळ्या दगडाचीही असते. पायऱ्यांची उंची एकसारखी नसते. तीन बुटक्या, मग एक गुडघाभर, मग एक मोडकी. जांभा सच्छिद्र असतो, त्यात ओल धरून राहते आणि शेवाळ चढतं. पावसाळ्यातलं हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं. घात करतं ते नोव्हेंबरमधलं काळं, सुकलेलं वाटणारं, पहाटेच्या दंवानं पुन्हा जागं झालेलं शेवाळ. पायरीचा मधला भाग रोजच्या पावलांनी घासून गुळगुळीत झालेला असतो, कडेला दगड खरबरीत राहतो. पण कडेलाच पालापाचोळा साठतो आणि पाल्याखाली काय ते दिसत नाही. तेव्हा उतरताना पाऊल किंचित तिरपं, मध्य आणि कड यांच्या अधेमधे. म्हाताऱ्या माणसांना डोक्यावर भारा घेऊन उतरताना बघा, ती अशीच उतरतात. त्यांच्या मागे जाऊन दोनशे पायऱ्या उतरलात तर कुठल्याही लेखापेक्षा जास्त शिकाल.

बूट नव्या, खोल खाचांच्या तळाचे असले म्हणून शेवाळावर पकड येत नाही. खाचा चिखलासाठी. ओल्या दगडाला मऊ रबर लागतं.

स्वतःची वाट आखताना

उपग्रहाच्या नकाशावर दिसणारी प्रत्येक पांढरी रेघ वाट नसते. काही रेघा गुरांच्या, काही पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या, काही आंब्याच्या बागेत जाऊन संपणाऱ्या. नवी वाट पहिल्यांदा चालत करायची, दिवसाउजेडी, आणि वाडीतल्या कुणाला तरी "काकी, ही वाट कुठे निघते?" असं विचारून. उत्तरादाखल "कोण पाठी लागलाय काय?" असा प्रश्न येईल, तो मनावर घेऊ नये. दुसऱ्या वेळी तीच काकी पाणी विचारते.

गडगा, म्हणजे सुटे दगड रचून केलेलं कुंपण, ओलांडायचा नाही. तो कुणाच्या तरी मालकीची हद्द असते, आणि दुसरं कारण अधिक महत्त्वाचं: जांभ्याच्या सुट्या दगडांत विंचू असतात. धापा टाकत गडग्यावर हात टेकणं ही सगळ्यात वाईट सवय. लाल विंचवाचा दंश इथे जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला त्यानंतर चित्र बदललं, पण दवाखाना गाठावाच लागतो.

बागांच्या आणि शेतांच्या कडेला रानडुकरांसाठी लावलेले फासे असतात, कुठे कुठे चोरून सोडलेली विजेची तारही असते. मळलेल्या वाटेवरून उजेडातच जायचं, शॉर्टकट म्हणून बागेतून घुसायचं नाही. देवरहाटीतून, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानातून, वाट जात असेल तर चालत जा, आवाज न करता. तिथल्या जुन्या झाडांवर धनेश उतरतो, आणि त्याच्या पंखांचा आवाज धावताना ऐकूच येत नाही.

साप दिसतील. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही प्रमुख विषारी जाती कोकणात आहेत आणि एकच प्रतिविष चौघांवर चालतं. फुरसं आखूड, मातीच्या रंगाचं, कातळावर आणि पाल्यात बसलेलं असतं, त्यामुळे पाल्यात पाय टाकण्याआधी बघायचं. चावलंच तर आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, धावायचं तर अजिबात नाही. पाय स्थिर ठेवून 108 ला फोन. खोऱ्यात रेंज नसलेले पट्टे आहेत, म्हणून निघताना घरी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून जा. चिपळूणजवळ कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, ते कुठल्या बाजूला हे आधी पाहून ठेवा.

पोटात काय, पाठीवर काय

निघण्याआधी तासभर वाटीभर पेज, मीठ घालून. जड वाटत नाही आणि दीड तास पुरते. केळं चालेल. तेलकट पोहे खाऊन चढणाऱ्याला चढच धडा शिकवतो.

पाणी किती लागेल याचं स्वतःचं गणित करा. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. मार्चमध्ये माझं तासाला लिटरभर जातं. तेवढं सगळं वाटेतच भरून काढायचं नसतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट, आणि बाकीचं घरी. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं गरगरतं. एका बाटलीत ओआरएस किंवा आमसुलाचं पाणी, मीठ आणि थोडी साखर घालून. बाजारातल्या गोड कोकम सरबतात साखरच जास्त, ते चौपट पाणी घालूनच घ्या.

पावसाळ्यात पायाला जखम असेल तर खाचरातल्या, डबक्यातल्या पाण्यातून धावू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, असल्या पाण्यातून होणारा ताप) कोकणाला नवा नाही. धावून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, लाल डोळे असं काही झालं तर डॉक्टरांना "पाण्यातून धावलो होतो" हे आपणहून सांगा.

आणि भिजलेले बूट. आतला तळ काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं बदलायचे. जुलैमध्ये दोन दिवस लागतात, म्हणून दोन जोड हवेत. चुलीजवळ वाळवायचे नाहीत. मी एकदा घाई म्हणून वैलाच्या कडेला ठेवले, रात्री डिंक सुटला आणि सकाळी तळ एकीकडे, बूट एकीकडे. आई म्हणाली, "वरचा भाग चांगला आहे अजून," आणि त्यात तिनं आळूचं रोप लावलं.